बांधावरून जावं की पाण्यालगत? नदीकाठच्या दोन ग्रॅव्हल वाटा

मोठ्या शहराला लागून असलेल्या नदीकाठच्या उद्यानात ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडी-मातीच्या वाटांसाठीची जाड टायरची आणि खाली वळलेल्या हँडलची सायकल, घेऊन गेलात की बहुतेक वेळा दोन वाटा समोर येतात. एक पुराच्या बांधाच्या माथ्यावरून जाते. ती रुंद, खडी दाबून केलेली आणि लांबवर दिसणारी असते. दुसरी खाली, बांध आणि पाणी यांच्या मधल्या पट्ट्यातून झाडांमधून वळत जाते. मी सलग दोन वर्षं वरून जात होतो, गेली तीन वर्षं खालून जातोय. ज्याच्या हाताशी आठवड्यातली एकच मोकळी सकाळ आहे, त्याला ‘दोन्ही छान आहेत’ या उत्तराचा काहीच उपयोग नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बांधाच्या बाजूने बोलतो, कारण त्या वाटेने मला खूप शिकवलं आहे. डांबरी रस्त्यावरून खडीवर आलो तेव्हा मागचं चाक जरासं सरकलं तरी माझे हात आखडायचे. ती भीती बांधावरच गेली. तिथे पुढचे दोनशे मीटर स्वच्छ दिसतात. माथा मधोमध किंचित उंच असल्याने पाणी दोन्ही बाजूंना निथळून जातं आणि रात्रभर पाऊस पडला तरी सकाळी चाकाखाली घट्ट जमीन मिळते. बारीक खडीतली भुकटी ओलसर होऊन दबली की वाट कोरड्या दिवसापेक्षाही चांगली लागते. मधल्या दोन चाकोऱ्यांपैकी एक धरायची आणि कडेच्या सुट्या खडीत पुढचं चाक जाऊ द्यायचं नाही, एवढं सांभाळलं की झालं.

वाऱ्याची तक्रार सगळेच करतात आणि ती खरीही आहे. माथ्यावर आडोसा नसतो. जाताना वारा पाठीशी असेल तर परतताना तो सगळं वसूल करतो, आणि ही फिटाफिट बरोबरीची नसते. उलट्या वाऱ्यात आपला वेळ जास्त जातो, म्हणून एकूण फेरी बिनवाऱ्याच्या दिवसापेक्षा लांबतेच. वाऱ्याच्या तोंडावर निघायचं आणि त्याच्याबरोबर घरी यायचं, असं ठरवल्यावर मला ते सोसवायला लागलं. चालणाऱ्या माणसांचंही तसंच. घंटी वाजवायची, वेग उतरवायचा, लांबूनच आवाज द्यायचा. वाट त्यांचीही आहे. पहाटे निघालं तर तोही प्रश्न जवळजवळ राहत नाही.

मला बांधावरून उतरवलं ते अडसरांनी. माथ्यावर मोटरसायकली येऊ नयेत म्हणून, जिथे जिथे रस्ता बांधाला छेदतो तिथे लोखंडी दांडे एकाआड एक उभे केलेले असतात. त्यामागचं कारण मला पूर्ण पटतं. साधी सायकल त्यांतून वळवून नेता येते. ग्रॅव्हलचं हँडल मात्र खालच्या बाजूला बाहेर फाकलेलं असतं. माझं वर ४४ सेंटीमीटर असलं तरी ड्रॉपच्या, म्हणजे खाली वळलेल्या भागाच्या, टोकांशी ५२ भरतं. दांड्यांमधली जागा कुठे पुरते, कुठे दोन बोटांनी कमी पडते. मग उतरायचं, सायकल मागच्या चाकावर उभी करायची, तशीच वळवायची, पलीकडे नेऊन पुन्हा चढायचं, पेडलमध्ये अडकणारी बुटाखालची क्लीट बसवायची. माझ्या १४ किलोमीटरमध्ये असे ११ अडसर आहेत. जाऊन येऊन २२.

हिशेब केला तर हे फार नाही. ताशी २२ किलोमीटरवरून थांबून पुन्हा त्याच वेगाला यायला लागणारी ऊर्जा साधारण दोन मीटरच्या चढाइतकी असते. पण दमायला व्हायचं ते त्या ऊर्जेमुळे नव्हतंच. श्वास आणि पाय एका लयीत यायला मला दहा-बारा मिनिटं लागतात, आणि इथे दर तीन-चार मिनिटांनी एक अडसर. दोन वर्षांत त्या वाटेवर मला एकदाही लय सापडली नाही. एका सकाळी सातव्या अडसरापाशी ब्रेकचा लिव्हर दांड्यात अडकला, हँडलची टेप वीतभर फाटली, आणि मी तिथूनच उतारावरून खालच्या वाटेला लागलो.

खालची वाट पहिल्याच दिवशी आवडली, असं मात्र नाही. बांधाच्या पायथ्याशी पोचताच पुढचं चाक घोट्याएवढ्या चिखलात रुतलं. पाण्यापासून लांब आहे म्हणजे तिथे कोरडं असेल, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात उलट असतं. पुराच्या वेळी नदी पात्राबाहेर आली की तिचा वेग पडतो. जड वाळू ती काठाशीच टाकते आणि हलका गाळ, चिकणमाती पुढे नेते. ती दूरवर साचलेल्या पाण्यात सावकाश खाली बसते. त्यामुळे अगदी पाण्यालगतची जमीन बऱ्याचदा थोडी उंच आणि निचऱ्याची असते, तर बांधाच्या पायथ्याचा सखल भाग सगळ्यात शेवटी वाळतो. हे कळल्यापासून फाटा आला की मी पाण्याकडचा धरतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघतो.

वळणांचाही असाच स्वभाव असतो. नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूला वाळू साठत जाते. तिथे एक गिअर हलका करून, वजन मागे घेऊन, हँडल सैल सोडून पाय फिरवत राहायचं. जोरात वळवलं की पुढचं चाक नांगरासारखं घुसतं. बाहेरच्या बाजूला पाणी काठ खालून पोखरतं. वरचं गवत शाबूत दिसलं तरी कडेला समांतर भेग असेल तर तिथून लांबच जावं.

चिखल हा खालच्या वाटेविरुद्धचा खरा मुद्दा आहे आणि तो मी झाकणार नाही. चिकणमाती टायरला चिकटते, टायर आणि फ्रेम यांच्यामधल्या फटीत भरत जाते आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. २०२३ साली अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये अनबाउंड ग्रॅव्हल शर्यतीच्या सुरुवातीच्याच एका पट्ट्यात नावाजलेल्या स्पर्धकांनाही सायकली उचलून चालावं लागलं होतं. अशा वेळी जोर लावून पेडल मारलं तर गिअर बदलणाऱ्या डिरेलरला फ्रेमशी जोडणारा हँगर तुटू शकतो. उतरून सायकल उचलणं हाच मार्ग. शिवाय प्रश्न फक्त आपल्या सायकलचा नसतो. ओल्या वाटेवर पडलेल्या चाकोऱ्या तशाच वाळतात आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला कित्येक दिवस हादरवतात. म्हणून मोठ्या पावसानंतर दोन दिवस मी खाली जात नाही. तिसऱ्या दिवशीही बुटाची टाच जमिनीत दाबून बघतो. खळग्यात पाणी आलं तर माघारी फिरतो आणि बांध धरतो.

तुमच्या नदीकाठी जुना टोपाथ असेल, म्हणजे जनावरांनी काठावरून होड्या ओढाव्यात म्हणून बांधलेली वाट, तर ही तुलना बदलते. अमेरिकेत वॉशिंग्टनमधून निघून पोटोमॅक नदीच्या काठाने कंबरलँडपर्यंत गेलेली सी अँड ओ कालव्याची सुमारे २९७ किलोमीटरची वाट अशीच, खेचरांसाठी केलेली. सपाट, पाण्याजवळची आणि बऱ्याच ठिकाणी झाडांच्या सावलीतली. पावसानंतर टोपाथवरही चिखल होतो, पण वाट मुळात बांधून काढलेली असल्याने नुसत्या पायवाटेपेक्षा तिच्यावर भरवसा जास्त ठेवता येतो. असा टोपाथ जवळ असता तर मी पुढचं वाचायलाही थांबलो नसतो.

टायरबद्दल थोडक्यात. बांधावर ४० मिलिमीटर पुरतात, खाली मला ४५ बरे वाटतात. माझं वजन ७२ किलो आहे. हवेचा दाब वर ३८ पीएसआय ठेवायचो, खाली २८ ठेवतो. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेलं आणि बारीक छिद्रं आतल्या द्रवाने बुजवणारं टायर, हवंच, कारण पूर काटेही आणतो आणि काचाही, आणि दोन्ही गाळात लपतात.

आता वेळेचं. वरचे १४ किलोमीटर मला अडसर धरून पाऊण तास घेतात. खालून तेच अंतर वळणांमुळे १७ होतं आणि तासापेक्षा थोडं जास्तच लागतं. आकड्यांत खालची वाट हरते. तरीही खाली पहिल्या दहा-बारा मिनिटांनंतर श्वास बसतो, झाडांमुळे वारा कानाला लागत नाही आणि मुळं, वाळू, वळण, पुन्हा मुळं असं काही ना काही समोर येत राहतं, पण थांबायला लागत नाही. मागच्या वर्षी एकदा मी पूर्ण १७ किलोमीटर जमिनीला पाय न लावता केले. त्या सकाळी एक खंड्या बराच वेळ माझ्या पुढे पुढे, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर जात होता. बांधावरच्या दोन वर्षांत इतकं समाधान मला एकदाही मिळालं नव्हतं.

तरी सगळ्यांना खालीच पाठवावं असं मला वाटत नाही. दिवा लावून अंधारात चालवणारे, लहान मुलांना बरोबर नेणारे, ३२ मिलिमीटरच्या आसपासचे टायर असलेले, किंवा ज्यांची एकमेव सुट्टी नेमकी पावसानंतरच येते, त्यांनी बांध धरावा. तुमचं हँडल अरुंद असेल तर कदाचित अडसरांचा तुम्हाला माझ्याइतका त्रास होणारही नाही. एकदा मोजपट्टी घेऊन पहिल्या अडसरापाशी खात्री करून घ्या.

आणि पहिल्यांदा जात असाल तर जाताना वरून जा, येताना खालून या. ऊन कलतं असताना माथ्यावरून खालचं सगळं वाचता येतं. वाट पाण्याकडे कुठे सरकते, पायथ्याशी कुठे येते आणि कोणती डबकी अजून चमकताहेत, हे सगळं परतीला उतरण्याआधीच कळलेलं असतं.