दोन उभ्या रेघा आणि माझे ६२,५०० रुपये

जुनी लेन्स विकत घेताना माझी ६२,५०० रुपयांना फसवणूक झाली. ५,००० रुपये विसार म्हणून आधी गेले आणि ५७,५०० रुपये प्रत्यक्ष भेटीत, लेन्स हातात घेतल्यानंतर गेले. ही दुसरी रक्कम मी स्वतः, पूर्ण शुद्धीवर असताना, विक्रेत्याच्या डोळ्यांदेखत पाठवली, याची लाज मला अजूनही वाटते. अशा व्यवहारात काय काय घडते ते सर्वांना ठाऊक असते: परदेशी निघालेला विक्रेता, बाजारभावापेक्षा थोडीशीच कमी किंमत, 'आणखी दोघे विचारत आहेत' हा तगादा. मलाही ते ठाऊक होते, आणि म्हणूनच मी वस्तू न पाहता पूर्ण पैसे दिले नाहीत, भेटीला स्वतःचा कॅमेरा घेऊन गेलो, मूळ खोका आणि पावती मागितली. काळजी मी घेतली होती. ती नेमकी कुठे घ्यायची, हे मला कळले नव्हते.

मी रंगमंचावरील नृत्याचे फोटो काढतो. माझी आधीची ५५-२५० मिमीची झूम लेन्स २५० मिमीला एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठे), त्यामुळे मंद प्रकाशात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, ६४०० पर्यंत चढवावा लागे आणि चेहऱ्यांवर दाणे उमटत. एफ/५.६ च्या तुलनेत एफ/२.८ ला चौपट प्रकाश आत येतो. म्हणजे तोच फोटो तेवढ्याच शटर स्पीडला आयएसओ १६०० वर निघतो. एवढ्या हिशेबावरून मी कॅननच्या ईएफ ७०-२०० मिमी एफ/२.८ या पांढऱ्या लेन्सवर येऊन थांबलो. माझ्या छोट्या सेन्सरच्या कॅमेरा बॉडीवर तिचा दृश्यकोन ११२ ते ३२० मिमीसारखा, म्हणजे दूरचे आणखी जवळ आणणारा, मिळणार होता आणि मागच्या रांगेतून काम करणाऱ्याला तो सोयीचा असतो.

स्थिरीकरण (हाताचा कंप शोषणारी सोय, नावातले 'आयएस') असलेल्या या लेन्सच्या तीन पिढ्या आहेत. पहिली २००१ ची, दुसरी २०१० ची आणि तिसरी २०१८ ची. तिसऱ्या पिढीत भिंगांची रचना दुसरीचीच ठेवून मुख्यतः काचेवरचे लेप बदलले आहेत; खरा मोठा फरक पहिल्या आणि दुसऱ्या पिढीत आहे. पहिलीचे स्थिरीकरण तीन स्टॉपचे, दुसरीचे चार स्टॉपचे (एकेका स्टॉपला शटर दुप्पट वेळ उघडे ठेवता येते). पहिली कमीत कमी १.४ मीटरवर फोकस होते, दुसरी १.२ मीटरवर, आणि पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला २०० मिमीवर दुसरी कितीतरी अधिक रेखीव चित्र देते. मात्र रंग तोच, घडण जवळपास तीच, पुढच्या फिल्टरचा व्यास दोन्हींचा ७७ मिमी, आणि वजनात फरक केवळ २० ग्रॅमचा, १,४७० आणि १,४९० ग्रॅम. नावात 'आयएस' या अक्षरांनंतर रोमन दोनच्या दोन उभ्या रेघा असतात, त्या दुसऱ्या पिढीच्या. माझ्या लेन्सवर त्या रेघा होत्या. त्या कारखान्यात उमटलेल्या नव्हत्या.

विक्रेता ठरल्या वेळी आला, अतिशय सभ्य बोलला, घाई केली नाही. खोका दुसऱ्या पिढीचा आणि अस्सल होता. रिकामे खोकेसुद्धा विकत मिळतात, ही गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. खोक्यावरचा क्रमांक मी पावतीच्या छायाप्रतीवरील क्रमांकाशी एकेक अंक लावून ताडून पाहिला आणि दोन्ही जुळल्यावर निश्चिंत झालो. खोका पावतीशी जुळला होता; लेन्स कशाशीच जुळवून पाहिली नव्हती. तिच्या माउंटजवळच्या, म्हणजे कॅमेऱ्याला जोडल्या जाणाऱ्या टोकाजवळच्या, भागाला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, 'धूळ आत जाऊ नये म्हणून' असे त्याने सांगितले, आणि मी ती पट्टी सोडवायला सांगितली नाही. हूड (लेन्सच्या तोंडाशी लावायचे, तिरपा प्रकाश अडवणारे कडे) प्रवासात फुटले, असे तो म्हणाला आणि त्यापोटी आपणहून ५०० रुपये कमी केले. मला ते प्रामाणिकपणाचे लक्षण वाटले. वास्तविक पहिल्या पिढीच्या हूडवर ईटी-८६ आणि दुसरीच्या हूडवर ईटी-८७ असे छापलेले असते, आणि चुकीचे हूड सोबत दिले असते तर त्याचा डाव तिथेच उघडा पडला असता.

आता ज्या क्षणी मी थांबायला हवे होते, त्या क्षणाबद्दल. या लेन्सच्या अंगावर फोकसचा पल्ला ठरवणारे एक बटण असते. एका स्थितीत लेन्स सर्वांत जवळच्या अंतरापासून अनंतापर्यंत फोकस शोधते, दुसऱ्या स्थितीत २.५ मीटरपासून पुढेच शोधते. विक्रेत्याने मला ते बटण स्वतः सरकवून दाखवले आणि दूरच्या रंगमंचासाठी ते २.५ वर ठेवा म्हणजे फोकस लवकर लागेल, असा सल्लाही दिला. सल्ला योग्यच होता. बटणाच्या दुसऱ्या टोकाला '१.४ मीटर' असे स्पष्ट छापलेले होते आणि ते मी वाचले. मनात आलेही, की हा आकडा १.२ असायला नको का? आदल्याच रात्री मी दोन्ही पिढ्यांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले होते. पण समोरचा माणूस इतक्या सहजपणे आणि जाणकारीने बोलत होता, की आपल्याच वाचण्यात चूक झाली असेल असे मला वाटले. विचारले तर आपण नवखे ठरू, या संकोचाने मी गप्प राहिलो. एक प्रश्न विचारायचा होता. तो विचारला असता तर ५७,५०० रुपये माझ्याकडेच राहिले असते आणि विसाराचे ५,००० रुपये गेले म्हणून मी एखादा दिवस हळहळलो असतो. या एका क्षणाचा मला जितका राग येतो, तितका त्या माणसाचाही येत नाही.

मी लेन्स माझ्या बॉडीवर लावून बारा-पंधरा फोटोही काढले होते. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर प्रत्येक फोटो रेखीव दिसतो, तसे तेही दिसले. प्रत्येक फोटोसोबत कॅमेरा जी माहिती साठवतो तीत लेन्सचे नाव असते, आणि ते नाव लेन्सच्या आतील चिप सांगते. बाहेर काय रंगवले आहे याच्याशी तिचा काही संबंध नसतो. म्हणजे मी पैसे पाठवत होतो तेव्हा पुरावा माझ्याच कॅमेऱ्यातील कार्डावर पडलेला होता. घरी येऊन फोटो संगणकावर उघडले, माहितीचा रकाना पाहिला, तर 'आयएस' नंतर सरळ 'यूएसएम' लिहिलेले. मधल्या दोन रेघा नाहीत. मग मी चिकटपट्टी काढली. खालचा क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकापेक्षा पूर्णपणे वेगळा होता. मागच्या कडेवरील सांकेतिक क्रमांक 'यूटी' या अक्षरांनी सुरू होत होता. कॅननच्या त्या काळातील संकेतात पहिले अक्षर कारखान्याचे आणि दुसरे वर्षाचे असते. यू म्हणजे उत्सुनोमिया आणि टी म्हणजे २००५. जी लेन्स २०१० मध्ये बाजारात आली, ती २००५ मध्ये बनलेली असूच शकत नाही.

दुसऱ्या दिवशी ८५० रुपये देऊन दुरुस्ती करणाऱ्याकडून ती तपासून घेतली. फोकसची मोटर थकलेली होती, आतल्या एका भिंगाच्या कडेला बुरशीचे जाळे होते, आणि नावातील त्या दोन रेघा बारीक ब्रशने काढून वर पारदर्शक लेप दिलेला होता. या अवस्थेत तिचे २१,००० रुपये येतील, असे त्याने सांगितले. ८५० रुपये धरून हिशेब केला तर माझे ४२,३५० रुपये बुडाले. विक्रेत्याचा फोन त्याच संध्याकाळपासून बंद आहे.

यानंतर जे अनुभवाला आले, ते फसवणुकीपेक्षा अधिक जिव्हारी लागले. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न विचारला गेला तो असा: 'वस्तू मिळाली का?' मिळाली, असे म्हणताच समोरच्या अधिकाऱ्याने लेखणी खाली ठेवली. पैसे तुम्ही स्वतः दिलेत, लेन्स मागितलीत, लेन्स मिळाली, मग यात गुन्हा कुठे आहे, असे त्यांचे म्हणणे. मी दोन्ही पिढ्यांतील फरक समजावून सांगितला, रंगवलेल्या रेघा दाखवल्या, फोटोतील माहिती छापून नेली होती तीही पुढे ठेवली. जुनी वस्तू जुनीच निघाली, हा दिवाणी वाद आहे, असे उत्तर मिळाले. जाहिरात इंटरनेटवर होती म्हणून मला सायबर विभागाकडे धाडण्यात आले. तिथे सांगितले, की व्यवहार समोरासमोर झाला असल्याने तो ठाण्याचाच विषय आहे. पुन्हा ठाण्यात गेलो तेव्हा आधीचे अधिकारी रजेवर होते आणि नव्या अधिकाऱ्यांना सर्व पहिल्यापासून सांगावे लागले. त्यांनी तज्ज्ञाचे लेखी मत आणायला सांगितले. ते आणले, तर त्या कागदावर शिक्का नाही म्हणून परत केला. चार फेऱ्यांनंतर माझा अर्ज घेतला गेला, पण पोच मागितल्यावर 'विश्वास नाही का?' असे मलाच विचारण्यात आले. विश्वास ठेवूनच तर मी तिथवर पोहोचलो होतो.

बँकेने लिहिले, की व्यवहार ग्राहकाने स्वतःच्या पासवर्डने मंजूर केला असल्यामुळे रक्कम परत मागता येणार नाही. ज्या खात्यात पैसे गेले त्या खात्याच्या मालकाचे नाव तरी सांगा, अशी विनंती केली, तर गोपनीयतेचे कारण पुढे केले. ज्याने मला लुबाडले त्याच्या गोपनीयतेची चिंता करणारे अनेकजण मला भेटले. माझ्या पैशांची चिंता करणारे एकही कार्यालय भेटले नाही. जाहिरातीच्या संकेतस्थळाने कळवले, की आम्ही केवळ दोन व्यक्तींची गाठ घालून देतो. मी तक्रार करताच त्यांनी ती जाहिरात काढून टाकली, आणि तिच्याबरोबर माझ्या बाजूचा निम्मा पुरावाही गेला. म्हणून आधीच सांगतो: पैसे देण्यापूर्वी जाहिरातीची, विक्रेत्याच्या पानाची आणि संपूर्ण संभाषणाची प्रत आपल्याजवळ साठवून ठेवावी. तक्रारीनंतर ती मिळत नाही.

ओळखीच्या अनेकांनी 'एवढे साधे कसे कळले नाही?' असे विचारले. त्यांतल्या किती जणांना दोन्ही पिढ्यांचे सर्वांत जवळचे फोकस अंतर तोंडपाठ आहे, हे मी विचारले नाही. माझी चूक झाली हे मान्य आहे, परंतु डोळे मिटून केलेला तो व्यवहार नव्हता. त्याआधी झालेली एक चूक मात्र मला अधिक महत्त्वाची वाटते. मला खरोखर काय हवे आहे, हे मी पुरते ठरवले नव्हते. नाचणाऱ्या माणसाचा हात गोठवायचा तर शटर स्पीड १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान लागतो. तिथे स्थिरीकरण तीन स्टॉपचे असो की चारचे, त्याचा उपयोग फार थोडा, कारण ते आपल्या हाताचा कंप शोषते, नर्तकाची हालचाल थांबवत नाही. १.२ मीटरवर फोकस होण्याची गरज मागच्या रांगेत बसणाऱ्याला कधीच नसते. पुढच्या रांगेत जागा मिळणार असेल, तर ८५ मिमी एफ/१.८ ची प्राइम (झूम नसलेली) लेन्स तेच काम अधिक प्रकाशात आणि हलक्या वजनात करते. मी दुसऱ्या पिढीच्या नावासाठी जादा पैसे मोजायला निघालो होतो, आणि ते नाव ब्रशने लिहिता येत होते.

हाच खेळ इतर माउंटवरही वेगळ्या रूपात चालतो. एका ओळखीच्या माणसाला निकॉनची ८०-२०० मिमी एफ/२.८ डी लेन्स 'ऑटोफोकससह' म्हणून विकण्यात आली. लेन्स चांगलीच होती, पण त्याची बॉडी डी५३००. तिच्यात फोकसची मोटर नसते आणि त्या लेन्समध्येही नसते. ऑटोफोकस लागणार कसा? विक्रेत्याला हे ठाऊक होते, कारण त्याने बॉडीचे नाव आधीच विचारून घेतले होते. तसेच कॅननची छोट्या सेन्सरसाठीची ईएफ-एस लेन्स पूर्ण फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या) ईएफ बॉडीवर बसतच नाही. कॅननच्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यांची आरएफ लेन्स अडॅप्टरने (मधल्या जोडकड्याने) जुन्या ईएफ बॉडीवर चालेल असे कुणी सांगितले, तर तिथूनच परत फिरावे. आरएफ माउंट आणि सेन्सर यांतले अंतर २० मिमी, ईएफमध्ये ते ४४ मिमी. अडॅप्टर अंतर वाढवू शकतो, घटवू शकत नाही.

भेट संध्याकाळी ठरवू नये. लेन्सच्या एका टोकाकडून टॉर्च लावून दुसऱ्या टोकाकडून पाहावे. कॅननची ईएफ लेन्स बॉडीवरून काढल्यावरही अ‍ॅपर्चर उघडेच राहते, निकॉनच्या जुन्या एफ माउंटच्या लेन्समध्ये ते मिटते, म्हणून मागची लहान पट्टी बोटाने सरकवून मगच आत पाहावे. चिकटपट्टी, स्टिकर, संरक्षक फिल्टर, जे काही लावलेले असेल ते काढायला सांगावे. काढायला नकार मिळाला की उठावे. फोटोची माहिती पैसे देण्यापूर्वी पाहावी. त्यासाठी लॅपटॉप न्यावा लागला तर न्यावा. विसार देऊच नये.

माझा अर्ज अजून 'चौकशीवर' आहे. मागच्या आठवड्यात त्याच संकेतस्थळावर दुसऱ्या नावाने एक जाहिरात आली आहे: पांढरी ७०-२००, दुसरी पिढी, मालक परदेशी निघालेला, हूड प्रवासात फुटलेले. ते वाक्य मला आलेल्या संदेशात जसे होते, शब्दशः तसेच आहे. सर्व फोटो अशा बाजूने काढले आहेत, की ती बटणे कुठेही दिसत नाहीत. मी ते ठाण्यात नेऊन दाखवले. ज्याचे पैसे जातील त्याने तक्रार द्यावी, असे मला सांगण्यात आले. जाहिरात आज सकाळपर्यंत तिथेच होती.