जागेवर मिटवायचं की पोलीस बोलवायचे? दुबई, जर्मनी आणि थायलंड

आमच्या सोलापुरात सात रस्त्याला गाडीला गाडी घासली की पुढचं सगळं ठरलेलं असतं. दहा माणसं जमतात, त्यातलं एखादं वयस्कर माणूस "जाऊ द्या की मालक, कुणाला लागलं नाही ना?" म्हणतं, पाचशेच्या दोन नोटा निघतात आणि दोघं आपापल्या वाटेला लागतात. पोलिसांचं नाव कुणी काढत नाही. हीच सवय घेऊन आपण विमानात बसतो.

सोलापुरातून बाहेर जाणाऱ्यांच्या तीन वाटा मला जास्त दिसतात. कुणी नातेवाइकांकडे दुबईला, टॉवेलवाले जानेवारीत फ्रँकफुर्टच्या हाइमटेक्स्टील प्रदर्शनाला, आणि पोरांची टोळी थायलंडला. तिन्हीकडे भाड्याची गाडी घ्यायचा मोह होतो. ती घ्यावी का, आणि ठोकली तर काय करायचं, हे दोन वेगळे प्रश्न नाहीत.

दुबईत जागेवर मिटवायला जाऊच नका. तिथे पोलिसांच्या अहवालाशिवाय गॅरेजवाला ठोकलेली गाडी दुरुस्तीला घेत नाही आणि विमा कंपनीही दाद देत नाही. माझ्या मेहुण्याच्या भाड्याच्या गाडीला पार्किंगमध्ये एकाने मागून धडक दिली. तो माणूस गयावया करू लागला, म्हणून याने तीनशे दिऱ्हम घेऊन विषय संपवला. गाडी परत करताना भाडेवाल्याने अहवाल मागितला. तो नव्हताच. अनामत रकमेतून त्या तीनशेच्या कितीतरी पट पैसे कापले गेले. किरकोळ घासलं असेल तर फोटो काढा, गाडी बाजूला घ्या, कारण रस्ता अडवला तर त्याचा दंड वेगळा. मग दुबई पोलिसांच्या अ‍ॅपवरून नोंद करता येते. कुणाला लागलं असेल तर मात्र गाडी हलवायची नाही, पोलिसांना ९९९ आणि रुग्णवाहिकेला ९९८. आणि घोटभर जरी घेतली असेल तरी चाकाला हात लावू नका, तिथे त्याला माफी नाही.

जर्मनीत उलटं आहे, पण आपल्यासारखं नाही. कुणाला इजा नसेल आणि नुकसान थोडं असेल तर पोलीस न बोलावता दोघांनी मिटवलेलं चालतं. फक्त मिटवणं म्हणजे नोटा देणं नव्हे, कागद भरणं. युरोपभर अपघाताचा एक छापील फॉर्म चालतो. त्यावर दोघांची नावं, विम्याचे तपशील, गाड्या कशा होत्या त्याचं चित्र, खाली दोघांच्या सह्या आणि दोघांकडे एकेक प्रत. त्यात काय घडलं तेवढंच असतं, चूक कुणाची हे नसतं. म्हणून त्यावर सही करायला हरकत नाही. "माझी चूक आहे" असा वेगळा कागद कुणी पुढे केला तर करू नका. भाड्याच्या गाडीत मात्र गंमत अशी की कायदा सूट देतो, पण करार देत नाही: बहुतेक करारांत कुठल्याही अपघाताला पोलीस बोलावण्याची अट असते. तेव्हा ११० फिरवाच. रुग्णवाहिकेला ११२.

आपला माणूस तिथे खरा अडकतो तो भलतीकडेच. पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या गाडीला घासलं, मालक दिसत नाही, म्हणून सभ्यपणे काचेवर फोन नंबरची चिठ्ठी खोचून निघालात, तर इथे लोक तुमचं कौतुक करतील. जर्मनीत ते पळून जाणंच धरतात आणि तो गुन्हा आहे. थांबायचं, मालक आला नाही तर पोलिसांना कळवायचं. जखमीला मदत न करता बघत उभं राहणं हासुद्धा तिथे गुन्हाच.

थायलंडमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, आणि तोच धोका. घरचाच रस्ता वाटतो. पोरं उतरल्या उतरल्या स्कूटर घेतात, हेल्मेट हँडलला अडकवतात. भाड्याच्या स्कूटरवर सहसा फक्त सक्तीचा विमा असतो; तो माणसाच्या जखमेचे पैसे देतो, गाडीच्या नुकसानीचे नाही. ते तुमच्या खिशातून जातात. वर पासपोर्ट अनामत म्हणून ठेवलेला असेल तर भाडेवाला सांगेल तो आकडा. तिथे बोलणी ठाण्यात, पोलिसांसमोर करा. पर्यटक पोलीस ११५५ वर मिळतात, इंग्रजीत बोलतात. रुग्णवाहिका १६६९.

आता पैशाचं. इथून निघताना घेतलेली प्रवास पॉलिसी दवाखान्यासाठी असते. गाडी चालवताना तुमच्याकडून दुसऱ्याचं झालेलं नुकसान बहुतेक पॉलिसींतून वगळलेलं असतं. ते भाडेवाल्याच्या विम्यातून भागवायचं. म्हणून काउंटरवरचं जादा संरक्षण, ज्याने तुमच्या माथी येणारी रक्कम शून्यावर येते, महाग असलं तरी दुबईत मी घेतोच. दवाखान्याचं काही निघालं तर पॉलिसीवरच्या मदत क्रमांकाला आधी फोन, बिल भरल्यावर नव्हे. आणि परवाना: आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, वर्षभर चालतो. पण मूळ परवाना फक्त कारचा असेल तर त्यावर स्कूटर चालवता येत नाही, आणि अशा वेळी पॉलिसीवालेही हात वर करतात. आपल्या वकिलातीकडून वकिलांची यादी मिळेल, घरी निरोप जाईल. बिल वकिलात भरत नाही.

मला विचाराल तर कुटुंब घेऊन दुबईला जाताय तर गाडी घ्या, पूर्ण संरक्षणासकट. फ्रँकफुर्टला प्रदर्शनाच्या दारात लोकल उतरवते. जानेवारीच्या थंडीत, उजव्या बाजूने, नमुन्यांच्या बॅगा सांभाळत गाडी चालवायची हौस कशाला? थायलंडला टॅक्सी करा. पोरं ऐकणार नाहीत, मला माहीत आहे. निदान पासपोर्ट तरी देऊ नका म्हणावं, झेरॉक्स द्या.