टिपरचा हौदा वाचवायला पोलादी प्लेट की प्लास्टिक लायनर?

पाडकामाचा राडारोडा वाहणाऱ्या ट्रॉलीचा तळ दोन प्रकारे मरतो: जेसीबीच्या बकेटमधून पडणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यांनी पोचे येतात आणि माल ओतताना घासून पत्रा पातळ होतो. आधी हे दुखणं ओळखा.

ठोकळे, दगड, गज बाहेर आलेलं आरसीसी असेल तर पोलादीच प्लेट. साध्या पत्र्याची कठीणता १२०–१५० ब्रिनेल (कठीणता मोजायचं माप), झीजरोधक प्लेटची ४०० च्या पुढे. पण वजन सोसावं लागतं. ३ बाय १.८ मीटरच्या हौद्यात ६ मिमी प्लेट म्हणजे सुमारे २५४ किलो, आणि तेवढा माल प्रत्येक खेपेला कमी. शिवाय फक्त टाके मारून बसवू नका. फटीतून पाणी शिरतं आणि जुना पत्रा आतून गंजतो. कडेने सलग वेल्डिंग करा.

यूएचएमडब्ल्यू (अतिउच्च रेणुभाराचं पॉलिथिन) प्लास्टिकची १० मिमी लायनर शीट त्याच हौद्यात जेमतेम ५० किलो. पावसाळ्यात ओली काळी माती वाहणाऱ्यांनी हीच घ्यावी, असं मला ठामपणे वाटतं. हौदा वर उचलल्यावर माती चिकटून राहिली तर तोल जाऊन ट्रॉली उलटू शकते. या शीटवरून ती सुळकन घसरते. मात्र गजाची टोकं तिला चिरतात आणि गरम डांबर तर नकोच. उन्हात ३ मीटरची शीट दीड सेंटीमीटरच्या आसपास वाढते, म्हणून बोल्टची भोकं लांबट ठेवा.

काहीही बसवा, पहिला थर बारीक मालाचाच टाका.