मोटुल ७१०० आणि ट्रान्सऑइल एक्स्पर्ट : डर्ट बाइकमध्ये कुठलं, कुठे आणि किती

दुकानात जाऊन ‘डर्ट बाइकचं चांगलं ऑइल द्या’ म्हटलं की काउंटरवर बहुतेक वेळा मोटुल ७१०० ची बाटली येते. ऑइल चांगलंच आहे, त्यात वाद नाही. पण गाडी कुठली, ग्रेड कोणता आणि ते इंजिनात जाणार की गिअरबॉक्समध्ये, हे न बघता घेतलं तर पैसे वाया जातात, प्रसंगी क्लच प्लेटाही.

आधी आपल्या गाडीत ऑइल किती ठिकाणी आहे ते पाहा. कावासाकी केएलएक्स, केटीएमची ईएक्ससी-एफ, हीरो एक्सपल्स अशा फोरस्ट्रोक गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलवर चालतात. होंडाच्या जुन्या सीआरएफ २५०आर आणि ४५०आर मध्ये दोन कप्पे आहेत. इंजिनाचं ऑइल वेगळं, क्लच आणि गिअरबॉक्सचं वेगळं, भरायची झाकणंही दोन. टूस्ट्रोकमध्ये (यामाहा वायझेड, केटीएमची ३०० ईएक्ससी, आपल्याकडची आरएक्स) क्रॅंकला आणि पिस्टनला लागणारं ऑइल पेट्रोलबरोबर जळून जातं. खालच्या कप्प्यातलं ऑइल फक्त क्लच आणि गिअरसाठी. ७१०० चा खरा उपयोग पहिल्या प्रकारात आहे.

कारण असं की एकाच ऑइलवर सगळं चालतं तेव्हा त्या ऑइलचे सगळ्यात जास्त हाल गिअर करतात. मल्टिग्रेड ऑइल गरम झाल्यावर फार पातळ होऊ नये म्हणून त्यात लांब साखळीचे पॉलिमर घातलेले असतात. गिअरचे दात ते अक्षरशः कातरतात. मग बाटलीवर ४० लिहिलेलं ऑइल काही तासांत ३० च्या जाडीवर येतं आणि गिअर खरखरीत पडू लागतात. त्यात क्लच प्लेटांची भुकटी मिसळते, सिलिंडरमधून उतरलेलं पेट्रोल मिसळतं, आणि एवढं सगळं सोसायला ऑइल असतं जेमतेम लिटर-सव्वा लिटर. ७१०० पूर्ण सिंथेटिक आहे, एस्टरयुक्त (एस्टर म्हणजे धातूला धरून राहणारं कृत्रिम तेल) आहे आणि जासो (मोटरसायकल ऑइलचं जपानी मानक) एमए२ दर्जाचं आहे. चिखलात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर अर्धा क्लच दाबून गाडी काढताना इंजिन तापतं, तेव्हा साध्या मिनरल ऑइलपेक्षा हे बरंच जास्त वेळ टिकतं. गिअर पडण्यातला गुळगुळीतपणा किती दिवस राहतो, यावरून हा फरक हाताला कळतो. ताकद वाढते वगैरे बोलणं सोडून द्या.

ग्रेडच्या बाबतीत आपल्याकडे एक गैरसमज घट्ट बसलाय : जाड म्हणजे मजबूत. बाटलीवरचा पहिला आकडा थंडीतला. १०डब्ल्यू ऑइलची स्टार्टिंगची चाचणी उणे २५ अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० वर. महाबळेश्वरच्या पहाटेलाही या दोन्हींत काही फरक पडत नाही. तो विचार लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनी करावा. आपल्याला महत्त्वाचा दुसरा आकडा. १०० अंश तापमानाला ३० ग्रेड ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (ऑइलची जाडी मोजायचं एकक), ४० ग्रेड १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेड १६.३ ते २१.९. एक्सपल्सला कंपनी १०डब्ल्यू-३० सांगते. तिच्यात हौसेने २०डब्ल्यू-५० ओतलं की सकाळी क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढते, न्यूट्रल सापडत नाही आणि लोक क्लच केबलला दोष देतात. उलट केटीएमच्या फोरस्ट्रोक एंड्युरोला १०डब्ल्यू-५० लागतं, तिथे ३० चालणार नाही. ७१०० या सगळ्या ग्रेडमध्ये मिळते, त्यामुळे दुकानदार ‘१०डब्ल्यू-४० सगळ्यांना चालतं’ म्हणाला तरी गाडीचं पुस्तक उघडा.

क्लच ऑइलात बुडालेला असतो, म्हणून जासोचा शिक्का बघायचाच. एमए किंवा एमए२ हवं. एमए२ मध्ये क्लचची पकड जास्त, डर्टसाठी तेच घ्या. एमबी हे गिअर नसलेल्या स्कूटरसाठी, त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. कारच्या ५डब्ल्यू-३० ची गतही तीच. असं ऑइल पडलं की चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरला इंजिन किंचाळतं आणि वेग वाढत नाही. ऑइल बदलून कधी कधी क्लच सुधारतो, पण प्लेटा एकदा जळून चकचकीत झाल्या की नव्याच घालाव्या लागतात. ट्रॅक्टरसाठी आणलेलं डिझेलचं १५डब्ल्यू-४० अनेक गॅरेजांत ओततात. त्याच्या डब्यावर जासो एमए छापलं नसेल तर नको.

आता ट्रान्सऑइल एक्स्पर्ट. हे १०डब्ल्यू-४० ऑइल टूस्ट्रोकच्या गिअरबॉक्ससाठी आणि ओल्या क्लचसाठी बनवलेलं आहे. या कप्प्यात जळणाचा धूर नाही, काजळी नाही. म्हणून इथे ७१०० ओतणं चुकीचं नाही, पण उधळपट्टी नक्की. वायझेड २५० ला ऑइल बदलताना ७५० मिली लागतं, ३०० ईएक्ससीला ८०० मिली. केटीएम तिथे १५डब्ल्यू-५० मागते, त्यामुळे ट्रान्सऑइल वायझेडला बरोबर बसतं, केटीएमला नाही. ट्रान्सऑइल मिळालं नाही तर एमए२ शिक्क्याचं कुठलंही अर्धसिंथेटिक १०डब्ल्यू-४० वायझेडमध्ये बिनधास्त घाला. मोटुलचंच ५१०० चालतं. सीआरएफच्या दोन कप्प्यांतही हाच हिशेब : इंजिनात ७१००, गिअरकडे ५१००. फक्त गिअरकडच्या ऑइलात मॉलिब्डेनम (घर्षण कमी करणारं द्रव्य) नको, ते क्लचला मारक. आणि ओतण्याआधी झाकण कुठल्या कप्प्याचं ते दोनदा बघा, घाईत उलटापालट होते.

‘नव्वद नंबर’ गिअर ऑइल मात्र हातही लावू नका. गिअर ऑइलचे आकडे वेगळ्या मोजपट्टीवरचे. ८० नंबरचं गिअर ऑइल इंजिनाच्या ४० पेक्षा पातळ असतं आणि ९० नंबरचं साधारण ४०-५० च्या आसपास. तेव्हा प्रश्न जाडीचा नाहीच. डिफरन्शियलसाठीच्या जीएल-५ प्रकारात गंधक-फॉस्फरसची जी द्रव्यं असतात ती क्लच प्लेटांना आणि पितळेच्या बुशांना मानवत नाहीत.

टूस्ट्रोकच्या वरच्या, म्हणजे पेट्रोलबरोबर जळणाऱ्या ऑइलबद्दल थोडक्यात. मोटुल ७१० जासो एफडी (जासोचा टूस्ट्रोक ऑइलसाठीचा दर्जा) आहे आणि ऑइल पंपाच्या टाकीत किंवा पेट्रोलमध्ये मिसळून, दोन्ही प्रकारे चालतं. ५ लिटर पेट्रोलला ३०:१ (तीस भाग पेट्रोलला एक भाग ऑइल) मध्ये १६७ मिली, ४०:१ मध्ये १२५, ६०:१ मध्ये ८३ मिली. ऑइल वाढवलं की कार्ब्युरेटरच्या त्याच जेटमधून (बारीक भोकातून) पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण लीन होतं. सुरक्षित वाटावं म्हणून ऑइल जास्त घालणारे पिस्टन तापवून बसतात. इथेनॉलचं पेट्रोल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून मिसळलेला कॅन पावसाळ्यात महिनाभर साठवू नका.

बदलताना इंजिन चार-पाच मिनिटं चालवून गरम करा, गाडी सरळ उभी करा, खालचा बोल्ट काढा आणि आधी त्याच्या टोकाचं चुंबक बघा. करडा मऊ लेप असणं ठीक. बोटाला टोचणारे तुकडे असतील तर ऑइल बदलून भागणार नाही, गिअर किंवा बेअरिंग उघडावं लागेल. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. ओढ्यात गरम गाडी बंद पडली की केस थंड होताना ब्रीदर पाइपातून (केसमधली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) पाणी आत ओढलं जातं. वॉटरकूल्ड गाडीत पंपाचं सील गेलं असलं तरी हेच दिसतं, तेव्हा कूलंटची पातळीही बघा. पाणी शिरलं असेल तर स्वस्त एमए ऑइल घालून दहा मिनिटं चालवा, काढा, परत तसंच करा, मग ७१०० घाला. टूस्ट्रोकमध्ये गिअर ऑइल कमी होतंय आणि सायलेन्सर दाट धूर सोडतोय, तर क्लचच्या बाजूचं क्रॅंक सील फाटलंय. कुठल्याही महाग ऑइलने ते थांबत नाही.

बोल्टखालचा वायसर दर वेळी नवा. अ‍ॅल्युमिनियमच्या केसमध्ये बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा, आटे गेले की खर्च ऑइलच्या कितीतरी पट. होंडाचा फिल्टर बसवताना ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेर आणि स्प्रिंग आधी. उलटा बसला तर इंजिनाला ऑइलच पोचत नाही. भरून झाल्यावर इंजिन तीन मिनिटं चालवा, तीन मिनिटं थांबा, मग पातळी बघा. होंडाच्या बहुतेक गाड्यांत ऑइल मोजायची पट्टी न पिळता नुसती टेकवून बघतात. जास्त भरलेलं ऑइल ब्रीदरवाटे एअर फिल्टरमध्ये येतं.

किती तासांनी बदलायचं? रेसच्या ४५० ला पाच-सहा तास, मजेत ट्रेल करणाऱ्याला दहा-पंधरा. एक्सपल्ससारखी गाडी चिखलात वापरत असाल तर पुस्तकातले किलोमीटर निम्मे धरा. म्हणूनच मोटुलच्या ३००व्ही सारख्या रेसिंग ऑइलवर खर्च करून ते वीस तास ओढण्यापेक्षा ५१०० दर आठ तासांनी बदललेलं बरं. ७१०० या दोन्हींच्या मधली, आणि बहुतेकांना तीच परवडते. बाटली घेताना झाकणाची रिंग तुटलेली नाही ना आणि बॅच नंबर पुसट नाही ना ते बघा. फार स्वस्त मिळाली तर घेऊ नका. काढलेलं ऑइल रिकाम्या बाटलीत भरून वापरलेलं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला द्या.