फ्लोरिडातील सोबर होम : सात महिन्यांनंतरचा अनुभव

डिपॉझिटचे ४०० डॉलर परत मिळणार नाहीत, असे पत्र मुलाच्या पहिल्या सोबर होमकडून (व्यसनमुक्तीच्या उपचारानंतर नशेविना एकत्र राहण्याचे घर) आल्यावर हे लिहायला बसलो. उपचार केंद्रातून सुटल्यावर तो दक्षिण फ्लोरिडात तीन महिने तेथे राहिला आणि गेले चार महिने दुसऱ्या घरात आहे.

पहिले घर आठवड्याला ५० डॉलरने स्वस्त, म्हणून मीच इंटरनेटवर शोधून ठरवले होते. भेटायला गेलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या स्मोक अलार्मला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली होती आणि मागच्या खोलीतला अलार्म बॅटरीविना वायरीला लोंबकळत होता. त्या खोलीत चार मुले झोपत. मालकांना तीनदा सांगून काही झाले नाही, तेव्हा बॅटरी मीच आणून बसवली.

हे तपासायला कोणी कसे आले नाही, याचा शोध घेतला. फ्लोरिडाच्या २०१५ च्या कायद्यात अशा घरांचे प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. १ जुलै २०१६ पासून परवानाधारक उपचार केंद्रांना प्रमाणपत्र नसलेल्या घरात रुग्ण पाठवण्यास साधारणपणे मनाई आहे. पण आम्ही घर स्वतःच शोधल्यामुळे हे बंधन आमच्या वाट्याला आलेच नाही. ॲरिझोनाने २०१८ च्या कायद्याने परवाना सक्तीचा केला. निदान आगीपासूनची सुरक्षा तरी मालकाच्या मर्जीवर सोडू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रमाणपत्र म्हणजे भाडे वाढवण्याचे निमित्त, असे मी तेव्हा समजत होतो. ते मत दुसऱ्या, प्रमाणित घरात बदलले. प्रमाणपत्रासाठी आग, सुरक्षा आणि आरोग्य तपासणीचा पुरावा, मालकाची पार्श्वभूमी तपासणी आणि पुन्हा व्यसन घडल्यास काय करायचे याचे लेखी धोरण लागते. या धोरणाचे मोल मला एका रात्री कळले. मुलाच्या खोलीतला सोबती पुन्हा प्यायला, तेव्हा व्यवस्थापकांनी त्याला स्वतः डिटॉक्स केंद्रात (शरीरातली नशा उतरवणाऱ्या केंद्रात) पोहोचवले. पहिल्या घरात अशाच एका मुलाला रात्री अकरा वाजता बॅगेसह रस्त्यावर काढले होते.

सहा जणांत दोनच बाथरूम ही येथील अडचण आहे, पण ती चालवून घेता येते. अफूजन्य अमली पदार्थांच्या अतिमात्रेवर उतारा असलेल्या नालोक्सोन या औषधाचा नाकात मारायचा स्प्रे फ्रिजवर, सर्वांच्या हाताशी असतो. परताव्याचे नियम पैसे भरण्याआधीच हातात मिळाले. पहिल्या घराच्या करारात ते कलमच नव्हते.

प्रमाणित घरांची यादी राज्याच्या बालक व कुटुंब विभागाच्या संकेतस्थळावर आहे. ती पाहावी, आणि तरीही घरात गेल्यावर प्रत्येक अलार्मचे बटण स्वतः दाबून पाहावे.