दिवाळीत भरलेले पैसे आणि मृगात घरपोच आलेले खत

औसा तालुक्यातील एका कृषी सेवा केंद्राचा मी सलग दोन हंगाम ग्राहक आहे. या दुकानाविषयी लिहावेसे वाटले ते तेथील मालामुळे नव्हे, कारण डीएपी या रासायनिक खताचे पोते तेथेही तेच आणि तेवढ्याच किमतीला मिळते. शेतकऱ्याचे मन कोणत्या दिवशी कसे चालते, हे ओळखून तेथील व्यवहाराची घडी बसवलेली आहे, आणि ती बहुतांशी ग्राहकाच्या बाजूने बसवलेली आहे, हे मला फार मोलाचे वाटते.

सोयाबीनची रास झाली, माल मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात गेला आणि आडतीची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब व पैसे, हातात पडली, की पुढच्या महिनाभरात त्या पैशाला किती वाटा फुटतात हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. दिवाळी, मुलांची फी, कर्जाचे नवे-जुने आणि एखादे सोयऱ्यातले लग्न एवढे उरकले की जूनमध्ये खतासाठी उधारीच्या वहीत नाव लागते. या दुकानात पट्टी झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत पुढच्या खरिपाच्या खताची रक्कम जमा केली, तर मृगाच्या तोंडावर पोती टेम्पोने गावापर्यंत विनामूल्य पोहोचवली जातात. त्यानंतर पैसे भरणाऱ्याला भाडे स्वतः द्यावे लागते. मी पाच एकरांसाठी पाच पोत्यांचे, पोत्यामागे १३५० रुपयांप्रमाणे ६७५० रुपये भरले. वाचलेले भाडे फार नव्हते, पण तो पंधरा दिवसांचा वायदा नसता तर मी ‘पुढच्या आठवड्यात भरू’ असे म्हणत उन्हाळा गाठला असता, हे मला पक्के ठाऊक आहे.

हीच गोष्ट पश्चिम केनियातील मका पिकवणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये अर्थतज्ज्ञ एस्थर डफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी तपासली होती आणि २०११ मध्ये ते काम प्रसिद्ध झाले. खताचा फायदा तेथील शेतकऱ्यांना कळत होता आणि घेण्याचा मनसुबाही होता, परंतु पेरणीपर्यंत हातात पैसा उरत नव्हता. पीक निघाल्या निघाल्या थोड्या मुदतीसाठी खत घरपोच देण्याची सवलत दिली, तेव्हा खताचा वापर लक्षणीय वाढला. उशिरा, खत टाकण्याच्या वेळी दिलेल्या निम्म्या किमतीच्या सवलतीने जेवढा फरक पडला, जवळपास तेवढाच या छोट्या सवलतीने पडला. आपल्याला आळशी किंवा उधळ्या म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर लक्षात घ्यावा. तमिळनाडूतील ऊस उत्पादकांवरचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही याच्याशी जोडून पाहावा. तोच शेतकरी उसाचे पैसे येण्यापूर्वी विचारशक्तीच्या चाचण्यांमध्ये कमी पडला आणि पैसे आल्यानंतर अधिक चांगला ठरला. पैशाची ओढाताण डोक्यातली जागा व्यापून बसते. मग खताचा निर्णय जूनमधल्या त्या ओढाताणीत घेण्यापेक्षा दिवाळीच्या स्वस्थतेत घेतलेला काय वाईट?

दुकानातील दुसरी गोष्ट म्हणजे गल्ल्याच्या मागचा काळा फळा. १ जूनपासून आपल्या महसूल मंडळात (आसपासच्या गावांच्या गटात) किती पाऊस झाला याचा आकडा त्यावर रोज खडूने लिहिलेला असतो आणि खाली एक ओळ असते: ‘७५ मिलिमीटर होण्याआधी बियाणे नेणाऱ्याने दोन मिनिटे बसावे.’ पेरणीयोग्य पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर, हे कृषी विभाग दरवर्षी सांगतो. तरी बांधापलीकडे शेजाऱ्याची पेरणीची तिफण चालू लागली की आपला पाय घरात ठरत नाही. आपणच मागे राहिलो तर, ही धास्ती त्यामागे असते. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले की मिळालेल्या लाभाच्या आनंदापेक्षा तेवढ्याच नुकसानीचे दुःख माणसाला जास्त बोचते. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, हुकण्याची भीती डोळ्यांसमोर असते आणि पाऊस लांबला तर कराव्या लागणाऱ्या दुबार पेरणीचा खर्च मात्र त्या घडीला दूरचा वाटतो. मागच्या मृगात मी गेलो तेव्हा फळ्यावर ४१ लिहिलेले होते. मी खरोखरच बाकावर बसलो, चहा घेतला आणि बियाणे न घेता परत आलो.

त्याच बाकावर दुकानदाराने मला घरच्या बियाण्याची उगवण तपासायला लावले. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि काही दिवसांनी उगवलेले मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणे पेरायला योग्य. माझे ८२ उगवले. सोयाबीनला दरवर्षी नवी पिशवी लागत नाही हे मला ऐकून माहीत होते, पण सवय मोडायला डोळ्यांदेखत मोजलेले दाणेच कामी आले.

पूर्वी मी ज्या दुसऱ्या दुकानातून फवारणीचे औषध घेत असे, तेथे न मागता पिकाच्या टॉनिकच्या दोन बाटल्या बिलात धरलेल्या असत. नको म्हणायला रांगेत सगळ्यांसमोर तोंड उघडावे लागते, म्हणून मी कधी नको म्हटलेच नाही. जे आधीच ठरवून समोर ठेवलेले असते ते माणूस सहसा बदलत नाही. त्या दुकानाचा धंदा याच स्वभावावर चाले. येथे उलट आहे. ऑगस्टमध्ये पीक पिवळे पडले म्हणून मी घाबरून गेलो, तर दुकानदाराने आधी विचारले, ‘‘मामा, पान आणलंय का संगं?’’ पान उजेडाकडे धरून त्याने शिरा हिरव्या असल्याचे दाखवले आणि हा मोझॅक हा विषाणूजन्य रोग नसून पाणी साचल्याने लोह कमी पडले आहे, चर काढून पाणी बाहेर घाला आणि वाफसा येताच कोळपा, असे सांगून मला रिकाम्या हाताने पाठवले.

तरीही काही गोष्टी मला खटकतात. दाराजवळच ‘तालुक्यात सर्वाधिक खपलेले’ असा फलक आहे आणि पाचसहा औषधांची नावे त्यावर आहेत. आपल्या रानात कोणती कीड आहे हे त्या फलकाला माहीत नसते. चार जणांनी घेतले म्हणून पाचवा घेतो, एवढेच त्याने होते, आणि फळ्यावरच्या पावसाच्या आकड्याने जे कमावले ते हा फलक घालवतो. दुसरे असे की डीएपी मिळेलच याची हमी नाही. मला तीनच पोती मिळाली, उरलेल्या दोनऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट हे दुसरे खत घ्यावे लागले. फरकाची रक्कम मात्र त्याच दिवशी परत मिळाली. तिसरी उणीव मोठी आहे. जमा रकमेची पावती साध्या कागदावर हाताने लिहिलेली असते. पैसे सात-आठ महिने दुसऱ्याच्या हातात राहतात, तेव्हा परताव्याच्या अटी छापील असल्याच पाहिजेत. ते मी दुकानदाराला समक्ष सांगितले आहे आणि फलकाविषयीही बोललो आहे.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात अनुदानाच्या खतासाठी अंगठा लावण्याच्या यंत्रापुढे तासभर रांग असते, म्हणून सकाळी आठच्या आत जावे. येत्या दिवाळीतही मी पाच एकरांचे पैसे येथेच भरणार आहे, या वेळी छापील पावती हातात घेऊन.