मीटरवर 68 हजार, जॉबकार्डवर 1 लाख 74 हजार

2014 ची डिझेल स्विफ्ट डिझायर, पांढरी नंबरप्लेट, मीटरवर 68,000. "डॉक्टरांची गाडी, सिंगल हँड," म्हणजे एकाच मालकाने वापरलेली, असं सांगून एजंटने ती पुण्यातल्या एका कुटुंबाला विकली. महिन्याभरात क्लच घसरू लागला आणि सकाळी पहिल्या स्टार्टला टायमिंग चेनचा (इंजिनच्या आतल्या साखळीचा) खडखडाट सुरू झाला. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जुनं जॉबकार्ड (सर्व्हिसच्या वेळची नोंद) निघालं, त्यावर तीन वर्षांपूर्वीच 1,74,000 किमीची नोंद होती. गाडी मूळची टॅक्सी. परमिट रद्द करून खासगी करून घेतलेली.

डिजिटल मीटर मागे घेणं फार सोपं झालंय, ही यातली खरी वाईट गोष्ट. म्हणून टोकन देण्याआधी चॅसिस नंबरवरून सर्व्हिस हिस्टरी काढा. ती 40-50 हजार किमीवर अचानक थांबली असेल, तर गाडी पुढे बाहेरच्या गॅरेजला गेली असं समजा आणि झीज बारकाईने तपासा. विमा पॉलिसीच्या जुन्या प्रती मागा. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या वाहनाची पॉलिसी खासगी गाडीपेक्षा वेगळी असते, तिथे टॅक्सी उघडी पडते.

मागची सीटही दाबून बघा. स्वतः चालवणाऱ्या मालकाच्या गाडीत ड्रायव्हर सीटची उजवी कड खचते. टॅक्सीत तिच्यासोबत मागची सीट आणि मागच्या दारांची हँडलंही झिजतात. क्लच-ब्रेक पेडलचे रबर आणि स्टिअरिंग कव्हर कोरे करकरीत असतील तर ते का बदलले ते विचारा.

पोहोचल्याबरोबर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर इंजिन आधीच चालवून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता जा. कोल्ड स्टार्ट, म्हणजे थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज, ऐका. मग अर्धा तास चालवून आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू, एक्सलरेटर न दाबता) ऑइल फिलरचं, म्हणजे इंजिन ऑइल भरायच्या तोंडाचं, झाकण काढा. धूर भकाभका येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत. ही चाचणी थंड इंजिनवर करून उपयोग नाही, कारण विकणारे 20डब्ल्यू-50 सारखं जाड ऑइल भरून धूर दाबतात. ते तापून पातळ झालं की इंजिनची खरी अवस्था दिसते.

पावतीवर चॅसिस नंबर, त्या दिवशीचं मीटर रीडिंग आणि "रीडिंग खरे असल्याची हमी" हे तिन्ही डीलरच्या सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या. डीलर नकार देत असेल तर टोकन देऊ नका. आधीच फसला असाल, तर जॉबकार्डची प्रत जोडून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करा. त्यासाठी मुदत 2 वर्षांची आहे.